हौद्यातली माती

मंगळवार पेठ, कोल्हापूर
६ जानेवारी २०२५

क्रांतीअक्कास,

नमस्कार गाळलाय तो मुद्दाम. येत्या उन्हाळ्यात चार वर्षं होतील आपण एकमेकींचं तोंड बघून, आता एकदम नमस्कार कुठून आणू?

फोन का केला नाही म्हणशील. केलता. लागत नाही. तू मला ब्लॉक केलंयस हे कळायला मला काही इंजिनिअर व्हावं लागत नाही. आणि तसाही माझा फोन माझ्याकडं नसतो. मोबाइलवर जंतू असतात म्हणून आमच्या सासूबाई, आत्ती, तो खाली फळीवर ठेवतात, संध्याकाळी सॅनिटायझरनं पुसून वर आणून देतात आणि माझं बोलणं संपेपर्यंत समोर बसतात. हे पत्र मोनाच्या पिशवीतून जाणार आहे. मोना म्हणजे आमची धुणंभांडी करते ती. बहिणीशी भांडायचं राहिलंय, एवढंच तिला सांगितलं. तिला लगेच पटलं.

मी मजेत आहे. माडीवरची खोली माझी. खिडकीला जाळी, दाराबाहेर चपला, चपलांशेजारी मास्कचा डबा. बाजार नाही, लग्नं नाहीत, बारशी नाहीत, अंबाबाईचं दर्शन टीव्हीवर. पतसंस्थेतली नोकरी ऑपरेशनच्या वेळीच गेली. जेवण आत्ती स्वतः करून स्वतः वर आणतात, मोनाच्या हातचं पाणीही मला देत नाहीत. माझी इतकी काळजी आपल्या आईनंसुद्धा घेतली नव्हती, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

आमच्या कोपऱ्यावर फ्लेक्स आहे, तो तू बघितला नसशील. ‘सुनेला किडनी देणारी माउली, श्रीमती चिमणाबाई पोवार.’ मधोमध आत्ती, शेजारी गोलात मी, स्टेरॉइडनं सुजलेल्या तोंडाची, आणि खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतली सगळी पोरं गॉगल लावून. फाटला की नवा लावतात. आईला साखर, नवरा म्हणून उदयसिंह पुढं आले तर त्यांचा रक्तगट वेगळा, तुझी जुळत होती आणि सही करायच्या सकाळी तू नाही म्हणालीस. तुझ्या घरच्यांनी अडवलं असणार हे मी तेव्हाच ओळखलं. मग आत्ती उभ्या राहिल्या. सासू म्हणजे रक्ताचं नातं नव्हे म्हणून परवानगी देणाऱ्या कमिटीनं त्यांना किती प्रश्न विचारले! त्यांचं उत्तर एकच होतं, “माझी सून हाय, मी देतो.” त्यांची किडनी माझ्या पोटात आहे आणि त्यांच्याच घरात मी आहे, म्हणजे हिशेबानं बरोबरच आहे.

आता मुद्द्याचं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आत्तींनी कासाराला घरी बोलावलं, कारण मी बाहेर जात नाही. बांगड्या भरताना एक फुटली आणि काच मनगटाच्या वर घुसली. एवढंसं रक्त आलं. आत्तींनी लगेच देवघरातला तांब्याचा गडू काढला. त्यात तालमीतली माती असते. माझे सासरे पैलवान होते. ते गेल्यापासून तालमीचे केरबा वस्ताद दर दसऱ्याला कुस्तीच्या हौद्यातली माती आत्तींना आणून देतात, तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली. गल्लीत कुणाचा पाय मुरगळला, कुणाला गळू आलं की आत्ती ती ताकात कालवून लेप लावतात. लग्नानंतर माझ्याही गळवाला लावला होता आणि ते बरं झालं होतं. त्या मातीनं कुणाचं वाईट झाल्याचं या पेठेत कुणी ऐकलेलं नाही.

पण मी आता पेठेतल्या बाकीच्यांसारखी राहिलेली नाही. अंगानं परकी किडनी टिकू द्यावी म्हणून अंगाची राखण करणारी ताकद गोळ्यांनी मुद्दाम दाबून ठेवतात. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, कुंडीतल्या मातीलासुद्धा हात लावायचा नाही. आत्ती तिथंच बसल्या होत्या. कुंडीतली माती वेगळी आणि हौद्यातली वेगळी असं त्यांच्या मनात असणार. माझ्या मनात तसं काही नव्हतं. मला ठाऊक होतं, तरी मी हात पुढं धरून बसले. ज्या बाईनं मला पोटातली किडनी काढून दिली तिला चिमूटभर मातीसाठी नको म्हणू?

आता तिथं वाटाण्याएवढी गाठ आलीय. लेप रोज चालू आहे. तू आपल्या घरातली शहाणी. मातीनं काही होत नाही, एवढं एका ओळीत लिही म्हणजे मी गप्प बसते. मोनाचा पत्ता मागं लिहिलाय, त्यावरच पाठव.

तुझी वगैरे नव्हे, नुसती
वर्षाराणी


२१ जानेवारी

अक्का,

उत्तर नाही. हरकत नाही, तुझी ती सवय मला माहीत आहे.

गाठ एकटी राहिली नाही. मनगटावरून कोपराकडं एकापुढं एक अशा गाठी ओवल्यासारख्या आल्यात. पहिली फुटली आणि वाहायला लागली. घरच्या डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकनं काडीचा फरक पडला नाही, म्हणून कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. अवंतिका मॅडम म्हणून आहेत. वयानं माझ्याएवढ्याच, पण समोरच्याचं ऐकून घेतात.

त्यांनी खूप विचारलं. घरात मांजर आहे का? माशांची टाकी? शेतात जाणं, बागकाम, माती? आम्ही नाही म्हटलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मातीत काही जंतू असे असतात की धडधाकट माणसाच्या अंगावर ते येतात आणि जातात, त्याला कळतही नाही. माझ्यासारखीच्या कातडीतून आत शिरले की मात्र तिथं थांबत नाहीत, छातीत उतरतात, डोक्यात जातात. असे पेशंट क्वचित येतात, म्हणून पटकन कुणाच्या डोक्यात ते नाव येत नाही. शिवाय लॅबमध्ये तो जंतू फार सावकाश उगवतो. मातीचा संशय असेल तर लॅबला कळवून पू जास्त दिवस ठेवायला लावायचा, नाहीतर नेहमीच्या मुदतीत ते टाकून देतात. हे सगळं सांगून त्यांनी पुन्हा विचारलं, नीट आठवा. आम्ही पुन्हा नाही म्हटलं. पू घेतला आणि नेहमीसारखा पाठवला.

आता तुला काम सांगते. खाली मॅडमच्या दवाखान्याचा नंबर आहे. फोन कर आणि सांग, वर्षाराणी पोवारच्या हाताला तालमीची माती लावत होते. एवढंच सांगून ठेवून दे. मी सांगितलं म्हणू नकोस. मोनाचंही नाव घेऊ नकोस, बिचारीचं काम जाईल.

तू का सांगत नाहीस म्हणशील. कधी सांगू? आत्ती प्रत्येक वेळी बरोबर असतात. मी एकटी कधी नसतेच, अक्का. न्हाणीचं दारसुद्धा नुसतं लोटायचं, कडी लावायची नाही, मला चक्कर आली तर म्हणून. डॉक्टरांनी मला काही विचारलं की उत्तर त्याच देतात, जेवलीस का पासून पाळी कधी आली इथपर्यंत. आणि समजा एकटी सापडले, तरी काय सांगू? सासूनं किडनी दिली आणि सासूनंच माती लावली? ते ऐकून आत्ती जिवंत राहतील असं मला वाटत नाही. पेठ त्यांना फाडून खाईल. ज्या बायका आज त्या विधवा असूनही हळदीकुंकवाला त्यांना पहिल्या पाटावर बसवतात, त्याच उद्या दारात उभ्या राहून हळहळतील.

तुझं तसं नाही. बहीण ऐन वेळी पळाली, आता सासूवर आळ घेते, असं म्हणतील. म्हणू दे की. तू आमच्याकडं तशीही वाईटच आहेस. आणखी थोडी झालीस तर तुझं काय बिघडतंय? तुमच्या कबनूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात तुला इथलं काही ऐकूही यायचं नाही.

लवकर कर.

वर्षा


४ फेब्रुवारी

अक्का,

तू फोन केला नाहीस. केला असतास तर मॅडमनी पुन्हा बोलावलं असतं. मी रोज जिन्यावर पाऊल वाजलं की कान टवकारते आणि आत्ती दुधाचा पेला घेऊन येतात.

पुवाचा रिपोर्ट आला. काही उगवलं नाही. मॅडमनी औषध बदललं, जोराचं दिलं. त्यानं तोंडाची चव गेली, गाठी जागच्या जागी आहेत. एक कोपराच्या वर गेली. दंडापर्यंत हात तापतो.

मागच्या पत्रात मी ‘आम्ही नाही म्हटलं’ असं लिहिलं. ते तसं नव्हतं. मॅडमनी माती म्हटल्याबरोबर मी तोंड उघडलं होतं. टेबलाखाली आत्तींचा हात माझ्या गुडघ्यावर आला. जोरात नव्हे, नुसता ठेवला. आणि त्या म्हणाल्या, “माती कुठनं? आमच्या घरात कुंडीबी न्हाय.” मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या माझ्याकडं बघत होत्या. मग मी म्हटलं, नाही.

घरी आल्यावर लेप बंद झाला. दुसऱ्या दिवशी देवघरातला गडू जागेवर नव्हता. त्या जागी अत्तरदाणी ठेवली होती. म्हणजे त्यांना कळलंय. मला कळलंय हेही त्यांना कळलंय. आता आम्ही दोघी एकमेकींशी इतकं गोड बोलतो की उदयसिंहांनासुद्धा नवल वाटलं. त्यांना मी काही सांगितलं नाही. आईच्या बाबतीत त्यांचं डोकं लगेच फिरतं आणि माझ्या बाबतीत ते लगेच रडतात, दोन्हींचा उपयोग नाही.

काल महिला मंडळाच्या बायका आल्या होत्या, मास्क लावून, दारातच उभ्या राहिल्या. आठ मार्चला आत्तींचा सत्कार ठरवलाय, शाल, श्रीफळ, पैठणी. स्टेजवर मीही हवी होते, निदान पाच मिनिटं, फोटोपुरती. मी फुलाफुलांच्या चादरीखाली हात लपवून बसले होते. आत्ती म्हणाल्या, तिला गर्दीत आणायची न्हाय. बायका म्हणाल्या, बघा, कसं जपतात. मला इतका राग आला अक्का, आणि कुणाचा आला तेच कळेना.

तुला वाटेल मी या बाईचा छळ तुला सांगते. तसं नाही. ऑपरेशननंतर मला उलट्या व्हायच्या तेव्हा त्या स्वतःच्या टाक्यांवर हात दाबून माझ्यासमोर भांडं धरायच्या. मी मूल होऊ द्यायचं नाही हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पाहुण्यांत कुणीतरी नातवाचं काढलं, तर त्यांनी त्या बाईला ताटावरून उठवलं. मला त्यांची माया कळते. कळते म्हणूनच मला तोंड उघडता येत नाही. दुसरी कुणी खाष्ट सासू असती तर एव्हाना मी गल्ली डोक्यावर घेतली असती, तुला माझा आवाज माहीत आहे.

फोन कर. हे मी विनवणी म्हणून लिहिते.

वर्षा


१४ फेब्रुवारी

क्रांतीअक्का,

तुझं पत्र मिळालं. मोनानं साबणचुऱ्याच्या पुड्याच्या आड आणून दिलं आणि मी वाचत असताना जिन्यात बादली घेऊन राखण केली. चार ओळी वाचल्या आणि फाडायला घेतलं. मग पुन्हा जोडून वाचलं. तू जशी बोलतेस तशीच लिहितेस, शाळेत बाईंनी उगाच तुझा हात झोडला.

तुझंच तुला ऐकवते, म्हणजे कळेल कसं लागतं ते. “वर्षा, मी फोन करणार न्हाय. तुला सासूचं नाव ऱ्हायाला पायजे, हात बी ऱ्हायाला पायजे, आणि वाईटपणा माझ्या पदरात पायजे. तुझं तोंड कुणी शिवलंय? तुला वाटतंय मला घरच्यांनी अडवलं. कुणी अडवलं न्हवतं. उलट मालक म्हणत होते, दे, बहीण हाय. सही करायला निघालो आणि मला भ्या वाटलं. पोटावर सुरी फिरणार ह्याचं भ्या वाटलं. म्हणून न्हाय म्हणालो. तुझा राग हाय तो बरोबर हाय, मी त्यावर काय बोलणार न्हाय. पर हे काम तुझं तू कर.”

भ्या वाटलं! एवढंच? चार वर्षं मी तुझ्या सासूला शिव्या घातल्या, तुझ्या नवऱ्याला घातल्या, तुमच्या मागांना आग लागो म्हटलं. त्या सगळ्या माणसांची आता मी माफी मागायची का? मला वाटत होतं तू तिकडं डांबून ठेवलेली, बिचारी, मनातून झुरत असशील. आणि तू आपली भ्यायलीस आणि घरी जाऊन जेवलीस.

मला तुझा इतका संताप आलाय की ताप किती त्यातला आणि किती जंतूंचा हे सांगता येत नाही. गेले काही दिवस संध्याकाळी अंग फणफणतं. खोकला लागलाय. आज सकाळपासून डोकं असं दुखतंय की खिडकीकडं बघवत नाही. उदयसिंहांनी किडनीच्या मोठ्या डॉक्टरांना फोन केला, उद्या ॲडमिट करायचं ठरलं. आत्ती माझ्या गाऊनच्या घड्या करून बॅगेत भरतायत. एक घडी चारचारदा मोडतायत आणि पुन्हा घालतायत.

पत्र लिहू नकोस. तिथं मोना येणार नाही.

वर्षाराणी


दवाखान्यातून, २० फेब्रुवारी

अक्का,

अक्षर वाईट आहे कारण डाव्या हातानं लिहितेय. उजवा हात पट्टीत आहे, त्यातला पू काढला. हे पत्र उदयसिंह टाकतील. मी त्यांना उघड सांगितलं की क्रांतीअक्काला लिहितेय. त्यांनी पेन आणून दिलं.

सांगितलं मी. कसं ते ऐक.

ॲडमिट झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. आदल्या दिवशी छातीचा फोटो काढला होता, त्यात एक डाग निघाला होता. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, वर्षाराणी, माझं काहीतरी चुकतंय, मला मदत करा. पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारायला लागल्या. मांजर, मासे, शेत. आत्ती पलंगाच्या या बाजूला बसल्या होत्या. मॅडम मातीपर्यंत आल्या आणि चादरीवरून आत्तींचा हात माझ्या गुडघ्यावर आला, अगदी त्या दिवशीसारखा.

मी तो उचलून बाजूला ठेवला. फार काही केलं नाही. पण चार वर्षांत मी त्यांचा हात कधी बाजूला केला नव्हता, दुखत असतानासुद्धा. मी म्हटलं, “लावली होती. तालमीतल्या हौद्यातली. काच लागली त्या दिवसापासून, रोज.”

मॅडमनी विचारलं, कुणी? मला ते सांगवेना. खरंच सांगवेना, अक्का. आणि आत्ती उभ्या राहिल्या. पदर नीट केला, कमिटीपुढं उभ्या होत्या तशा. म्हणाल्या, “मी लावली. आणि तुमी इचारलं तवा न्हाय बी मीच म्हणालो. तिला बोलू नका.”

मला वाटलं मॅडम ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. तिथंच उभं राहून त्यांनी लॅबला फोन लावला, नवा पू घ्यायला सांगितला, तो किती दिवस ठेवायचा ते सांगितलं. त्याच दिवशी काचेवर रंग देऊन बघितलं, तर बारीक फांद्या फुटल्यासारखे जंतू दिसले. नोकार्डिया म्हणतात त्याला. मातीत राहतो. डोक्याचं स्कॅनिंग केलं, डोक्यात गेलेला नाही. छातीत गेलाय, थोडा.

आता मोठ्या डॉक्टरांचं ऐक. हा जंतू मारायचा तर माझ्या अंगाची ताकद थोडी मोकळी सोडावी लागणार, म्हणजे किडनी टिकवणाऱ्या गोळ्या कमी करायच्या. त्या कमी केल्या की किडनी रुसू शकते. म्हणजे हात आणि छाती वाचवताना आत्तींनी दिलेलं जाऊ शकतं. त्यांनी हे आम्हा तिघांसमोर सांगितलं. उदयसिंह भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. आत्ती म्हणाल्या, “करा कमी. गेली तर गेली. तिला ठेवा.”

मला तिथंच उठून बसावंसं वाटलं आणि ओरडावंसं वाटलं की मला विचारा. माझ्या अंगाचं बोलताय, मला विचारा. मी आडवी पडून म्हटलं, करा.

तुझ्यावर अजून राग आहे. पण गुडघ्यावरचा तो हात उचलताना मला तुझं पत्र आठवत होतं. एवढंच कबूल करते, जास्त नाही.

वर्षा


मंगळवार पेठ, ९ मार्च

अक्का,

घरी आले. हाताची जखम भरतेय, कोपरापर्यंत चिरांच्या खुणा राहतील. गोळ्या वर्षभर घ्यायच्यात, पट्टा आवळल्यासारखं पोट होतं त्यांनी. ताप गेला. छातीतला डाग लहान झालाय. किडनीचा आकडा वर गेला होता, आता थांबलाय, खाली काही आलेला नाही. मोठे डॉक्टर म्हणतात, बघू. मीही बघू म्हणते. वाचले, असं मोठ्यानं म्हणायला अजून धीर होत नाही.

गल्लीत उदयसिंहांनी सांगितलंय की बांगडीच्या काचेनं झालं. कासाराचं नाव उगाच खराब झालं, तो बिचारा आता आमच्या दारावरून जात नाही. मी म्हटलं, खरं सांगूया. आत्तीही म्हणाल्या, सांगूया. तेव्हा उदयसिंह म्हणाले की तुम्ही दोघी गप्प बसा, मला या पेठेत राहायचंय. आम्ही गप्प बसलो. पण केरबा वस्तादांना आत्तींनी स्वतः जाऊन सांगितलं, की आजपासून औषध म्हणून कुणाला माती देऊ नका, कोण आजारी असतं, कोण कसल्या गोळ्या खात असतं, आपल्याला कळत नाही. वस्ताद चिडले म्हणे. माझ्या पैलवानाची माती आणि तिला बोल लावता, असं म्हणाले. आत्ती तशाच परत आल्या.

काल सत्कार झाला. त्या जाणार नव्हत्या, मंडळाची गाडी दारात आली आणि बायकांनी हाताला धरून नेलं. परत आल्या त्या थेट वर, माझ्या खोलीत. अंगावरची शाल काढली, माझ्या पायावर घातली आणि खाली वाकून पायाला हात लावला. साठी उलटलेली बाई, अक्का. मी पाय ओढून घेतले तर त्या रडायला लागल्या. मी घरी आल्यापासून रोज असंच काहीतरी चाललंय. ताट देताना म्हणतात, माझ्यामुळं. गोळी देताना म्हणतात, माझ्यामुळं. मी हसले तर त्यांना वाटतं मी माफ केलं, मी नुसती खिडकीतनं बघत बसले तर वाटतं मी रागावले. आधी मी त्यांच्या उपकारासाठी तोंड सांभाळून बसायची, आता त्यांच्या अपराधासाठी बसते. खोली तीच आहे, जाळी तीच आहे, फक्त आता त्यासुद्धा माझ्याबरोबर आत आहेत.

उदयसिंहांचंही तसंच. ऑफिसातून आले की दारात उभं राहून माझा चेहरा वाचतात. आईसाठी त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नाही, पण डोळ्यांनी रोज मागतात. मोनासुद्धा म्हणाली, ताई, पत्राचं कुणाला बोलले नाही हां मी. तिचंही मी देणं लागते.

म्हणून आज आत्तींना म्हटलं, पुढच्या रविवारी माझी अक्का येणार आहे. त्यांचा हात गोळ्यांच्या डबीवर तसाच राहिला. मग म्हणाल्या, येऊ दे की. मी म्हटलं, ती वर असेल तेव्हा तुम्ही खाली बसायचं. चहा द्यायलासुद्धा यायचं नाही. वाटलं होतं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत, बरं म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

तू येशील की नाही हे मी तुला विचारलेलं नाही, हे लिहिताना लक्षात आलं. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, तुला ते येतं.

पण ये. दाराबाहेर चपला काढ, हात धू, मास्क लाव. नारळ नको, फळं नकोत, डबा नको. झालं गेलं त्याचं बोलायचं नाही, माफी मागायची नाही आणि माझ्या हाताकडं बघून च्च करायचं नाही. या घरात जो तो मला काही ना काही देऊन बसलाय, आणि त्यातलं मला कुणाचंच फेडता येत नाही. मला काहीच न दिलेलं माणूस मला एकच माहीत आहे. तू नुसती येऊन माझ्याजवळ बस.

वर्षा